जुन्या पुलाच्या खांबावरचे चौघे

मी तेहेतीस वर्षं आग विझवायची नोकरी केली आणि गावात आजही लोक मला ओळखतात ते पाण्यामुळे. किराणा दुकानात उभा असलो की कुणीतरी शेजारच्याला हळूच सांगतो, "हेच ते इस्माईलभाई, पुरातनं चौघांना काढलेले." शेजारचा माझ्याकडं आदरानं बघतो. मी साबणाचा भाव विचारतो आणि घरी येतो. त्या चौघांना काढलं हे खरं आहे. पण त्या दिवशी पाण्यातून पाच माणसं निघाली आणि पाचवा कोण होता, ते मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. आता लिहितो. ज्यांची परवानगी घ्यायला हवी होती त्यांनी ती गेल्या महिन्यात फोनवर हसत हसत दिली.

गावाचं नाव सांगत नाही. नांदेड जिल्ह्यातलं, गोदावरीच्या काठचं, नगरपालिका असलेलं एक गाव एवढं पुरे. नगरपालिकेचा एक बंब होता, त्यावर बाबूराव ड्रायव्हर आणि मी फायरमन. आणखी दोघं होते, पण ते पाळीनं रजेवर असत. साहेब एक, ते मिटिंगला असत.

लोकांना वाटतं, बंबावरचा माणूस रोज आगीत उडी मारतो. आमच्याकडं खऱ्या आगी वर्षात पंधरा-वीस. त्यातल्या निम्म्या उन्हाळ्यातल्या कडब्याच्या गंजीच्या आणि बाकीच्या जिनिंगमधल्या कापसाच्या. कापसाची आग फार लबाड. वरून विझलेली दिसते, आत धुमसत असते. गठाण फोडून आतपर्यंत पाणी मारलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं. उरलेले दिवस आम्ही विहिरीत पडलेली वासरं काढायचो, दार आतून लागलेल्या घरात शिडीनं शिरायचो, आणि लग्नाच्या मांडवात पाणी कमी पडलं म्हणून आग लागल्याची खोटी वर्दी देणाऱ्यांशी भांडायचो. एका गृहस्थांनी तर आम्ही पोचल्यावर शांतपणे रांजणाकडं बोट दाखवलं होतं. बाबूरावानं त्यांना सगळ्या वऱ्हाडासमोर पाइपनं भिजवलं. त्यावर चौकशी झाली. बाबूरावानं जबाबात लिहिलं, "गृहस्थ पेटलेले दिसले."

बाबूराव आणि मी एकाच वयाचे, एकाच वर्षी लागलेलो. तो देगलूरकडचा, रागावला की तेलुगूत पुटपुटायचा. माझं घराणं गावातलंच, चार पिढ्या पिंजाऱ्याचा धंदा. बंब वळवताना माझ्या बाजूचा रस्ता मोकळा असला की मी "ये" म्हणायचो, नसला की "थांब" म्हणायचो. याच्यापेक्षा जास्त बोलायची आम्हाला गरज पडायची नाही. चौदा वर्षं मी त्याच्यापासून एकच गोष्ट लपवली. मला पोहता येत नव्हतं.

हे लपलं कसं, ते सांगतो. भरतीच्या वेळी दोर चढायचा होता, पन्नास किलोचं पोतं घेऊन पळायचं होतं आणि शेवटी पोहायचं होतं. पहिल्या दोन्हींत मी पहिला आलो. तिसऱ्यासाठी आम्हाला गावाबाहेरच्या बारवेवर नेलं. ते वर्ष दुष्काळाचं. बारवेच्या तळाला वीतभर चिखल आणि एक झोपलेली शेळी. भरती घेणारे साहेब बराच वेळ शेळीकडं बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "पाणी असतं तर पोहला असतास का?" मी म्हणालो, "पोहलो असतो साहेब." त्यांनी फॉर्मवर 'पोहता येते' पुढं बरोबरची खूण केली. मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही. पाणी आलं की शिकू, एवढाच विचार. पण पाणी आलं तेव्हा नोकरी पक्की झाली होती, लग्न झालं होतं, आणि गावच्या घाटावर लहान पोरांबरोबर हातपाय मारताना फायरमनला कुणी बघितलं असतं तर काय राहिलं असतं? विहिरीत मी कमरेला दोर बांधून उतरायचो, तिथं पोहायची वेळ यायची नाही. बायकोला, जुबेदाला, तेवढं ठाऊक होतं.

आता बोट कुठून आली ते. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आजूबाजूच्या जिल्ह्यांतून बंब बोलावले, त्यात आमचाही गेला. मी आणि बाबूराव तिथं सोळा दिवस होतो. त्या दिवसांबद्दल मी घरीसुद्धा बोलत नाही, इथंही नको. दगडमातीची घरं होती. एवढं म्हणतो की त्यानंतर बाबूराव वर्षभर घरात झोपला नाही, अंगणात बाज टाकायचा.

पण तिथं मदतीचं सामान येत होतं त्यात जगभरातून काय काय आलं होतं. बर्फात घालायचे बूट होते, टाय होते, एक खोकं भरून नाचताना घालायचे झगे होते. एके दुपारी ट्रकमधून एक नारिंगी गाठोडं उतरवलं. वरची अक्षरं कुणाला वाचता येईनात. तंबू असेल म्हणून चार माणसांनी ते छावणीच्या मधोमध आणलं आणि बाजूला लोंबणारी दोरी बाबूरावानं ओढली. फुस्स करून असा आवाज झाला की सगळे पळाले. धूळ खाली बसल्यावर बघतो तर अख्खी रबरी बोट, आठ माणसं बसतील एवढी, वल्ह्यांसकट. एक म्हातारी पत्र्याच्या शेडमधून बाहेर आली, तिनं बोटीभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "आता पूर बी येणार हाय का रं बाबा?"

मी "न्हाई आजी" म्हणालो. ती म्हणाली, "मग ही का आणलीसा?" आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. तिच्या घरचं कुणी वाचलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं. ती हसली म्हणून शेडमधल्या आणखी चार बायका हसल्या. सोळा दिवसांत तिथं ऐकलेलं ते पहिलं हसणं.

त्या भागात बोट चालवायला पाणी कुठलं? निघताना सामान बघणाऱ्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, तुमचं गाव नदीकाठचं, तुम्हीच घेऊन जा. आम्ही घेऊन आलो. आमच्या स्टेशनच्या आवारात ती वर्षानुवर्षं पडून राहिली. साहेबांच्या सौभाग्यवतींनी तिच्यावर पापड वाळवले. एका उन्हाळ्यात तिच्यात पाणी भरून साहेबांनी टरबुजं थंड केली. नदीत ती कधी उतरली नाही, कारण उतरवायला मला सांगितलं असतं, आणि मी दरवेळी म्हणायचो की रबर तपासून घ्यावं लागेल.

अशी बारा-तेरा वर्षं गेली आणि आमच्या गावात लातूरचे क्लास आले.

लातूरच्या मुलांनी बोर्डात नंबर काढायला सुरुवात केल्यापासून मराठवाड्यातल्या प्रत्येक बापाला आपल्या घरात एक डॉक्टर दिसायला लागला होता. आधी पोरं लातूरला जायची. मग लातूरच आमच्याकडं यायला लागलं. बिराजदार सर त्यातले पहिले. फिजिक्स शिकवायचे, फार छान शिकवायचे असं सगळे म्हणतात. रसायनाला त्यांनी आंध्रातून राव सर आणले होते आणि जीवशास्त्राला वाघमारे मॅडम. मॅडम जळकोटकडच्या एका खेड्यातल्या, वय सव्वीस-सत्तावीस, गंभीर चेहऱ्याच्या. तिघांचे फोटो गावात प्रत्येक खांबावर होते. फोटोत तिघंही हाताची घडी घालून उभे, जणू गावाकडून काहीतरी येणं आहे.

श्रावणात बिराजदार सरांना जाहिरातीची नवी कल्पना सुचली. नावेत तिघं शिक्षक, मागं नदी, वर मोठा कापडी फलक, 'चला यशाच्या पैलतीरी'. नाव लक्ष्मण भोई यांची. लक्ष्मणमामा साठीचे. नवा पूल झाल्यापासून त्यांचा धंदा बसला होता, तरी पलीकडच्या मळ्यातल्या बायकांना ते ने-आण करायचे. त्यांनी सरांना सांगितलं की वरच्या धरणाचं पाणी सुटणार आहे, आज नको. सर म्हणाले पाच मिनिटांचं काम आहे, काठाकाठानं जाऊ.

पाणी सुटणार याची सूचना गावात दिली गेली नव्हती असं नाही. सकाळपासून एक रिक्षा भोंगा लावून फिरत होती. पण त्याच रस्त्यांवर सरांच्या क्लासचीही एक रिक्षा फिरत होती, तिचा भोंगा मोठा होता. त्यामुळं नदीकडं जाऊ नका हे कुणाला ऐकू आलं नाही. प्रवेश मर्यादित आहेत हे सगळ्यांना ऐकू आलं.

फोटोग्राफर घाटावर उभा राहिला. नाव काठापासून वीसेक हात आत गेली. तो म्हणाला, फलक नीट ताणा, अक्षरं वाचता येईनात. राव सरांनी आणि बिराजदार सरांनी दोन बांबू उभे करून फलक ताणून धरला आणि त्याच क्षणी वारा आला. लक्ष्मणमामांनी उभ्या आयुष्यात नावेला शीड लावलं नव्हतं. बारा फुटी कापडात वारा भरला तशी नाव थेट नदीच्या मध्यावर निघाली. मामा ओरडून सांगत होते की सोडा ते. दोन्ही सरांनी घाबरून बांबू आणखी घट्ट धरले. तेवढ्यात वरून पाण्याचा लोंढा आला.

नव्या पुलापासून प्रवाहाच्या दिशेनं अडीच-तीनशे फुटांवर जुन्या पुलाचा एकच दगडी खांब नदीत उभा होता. बाकीचा पूल आमच्या आजोबांच्या काळात वाहून गेलेला. नाव त्या खांबावर आडवी आदळली आणि मधोमध फुटली. ती खांबाला चिकटून होती तेवढ्या वेळात मामांनी तिघांना वर ढकललं आणि मग स्वतः चढले. खांबाचा माथा दोन बाजा शेजारी टाकल्या तर जेवढी जागा होईल तेवढा. पाणी माथ्याच्या तीन फूट खाली होतं. ते चढत होतं.

आम्हाला वर्दी आली तेव्हा साहेब नांदेडला मिटिंगला होते. बाकीचे दोघं नेमके एकाच वेळी रजेवर. बाबूरावानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बोट काढ. तू हायस म्हणून बरं."

त्या क्षणी सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. मी म्हणालो, "हवा भरावी लागंल."

बोटीचं गॅसचं नळकांडं किल्लारीलाच रिकामं झालेलं. आम्ही तिला बंबावर टाकून नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडं नेलं. त्यानं ट्रकचे टायर भरायचा कॉम्प्रेसर लावला, दोन ठिकाणी हवा जात होती तिथं सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, आणि मला सांगितलं की गॅरंटी नाही. मी मनातल्या मनात अल्लाला म्हणालो की ही इथंच फुटू दे. ती टम्म फुगली.

घाटावर अर्धं गाव जमलं होतं. खांबावर चौघं दिसत होते. बिराजदार सरांच्या हातात क्लासच्या मैदानावर वापरायचा हातातला भोंगा होता, तो त्यांनी नाव फुटतानाही सोडला नव्हता. त्यातून ते आम्हाला पाण्याचा वेग सांगत होते. मग ते म्हणाले की सरळ येऊ नका, वरून कोन करून या. त्यांचं बरोबर होतं, पण लोक हसत होते.

आम्ही ठरवलं ते असं. बंब नव्या पुलावर. तीन दोर एकाला एक बांधून चारशे फुटांचा एक दोर, त्याचं एक टोक बंबाच्या मागच्या हुकाला वेढे देऊन, दुसरं बोटीला. बोट घाटाशी पाण्यात सोडायची. बंब पुलावरून हळूहळू मध्यापर्यंत गेला की बोटही नदीच्या मध्यावर येईल. मग दोर सैल सोडत जायचं, प्रवाह बोटीला आपोआप खांबापर्यंत नेईल. माणसं घेतली की बंब पुन्हा काठाकडं आणायचा, बोट त्याच्या मागोमाग काठाला लागेल. एक शिट्टी म्हणजे सोड, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे ओढ. हे बाबूरावाचं डोकं. त्याला अशा गोष्टी सुचायच्या.

आमच्याकडं लाइफजॅकेट एकच होतं. ते घालून मी बोटीत बसलो. वल्हं कसं धरतात हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी एक लांब बांबू घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुलावर मात्र वेगळीच अडचण झाली होती. उदगीरकडून आलेली एसटी पुलाच्या मधोमध उभी होती आणि कंडक्टर म्हणत होता की गाडीला आधीच चाळीस मिनिटं उशीर झालाय, मागं घेणार नाही. बाबूराव त्याच्याशी तेलुगूत काहीतरी बोलला. गाडी मागं गेली. प्रवासी उतरले आणि दोर धरायला लागले. त्या प्रवाशांत एक माझी बायको होती. भावाकडून परत येत होती, हातात पिशवी, पिशवीत आंब्याचं लोणचं. खाली बोटीत कोण आहे हे तिला दिसत नव्हतं.

मी सुखरूप खांबापर्यंत पोचलो, यात माझं कर्तृत्व काही नाही. बाबूराव दोर सोडत गेला, मी डोळे अर्धे मिटून बसलो. खांब जवळ आल्यावर बांबू टेकवून बोट बाजूला घेतली आणि दोनदा शिट्टी मारली. बोट थांबली. पाणी आता माथ्यापासून हातभर खाली होतं.

राव सर मटकन बसले होते, उठेनात. ते फक्त एवढंच म्हणत होते की जॅकेट द्या. मी माझं काढून त्यांना घातलं. हे धाडस नव्हतं, त्याशिवाय ते हललेच नसते. मग मॅडमनी त्यांना एका बाजूनं धरलं, मामांनी दुसऱ्या, आणि बोटीत बसवलं. मागून मॅडम उतरल्या, त्यांच्यामागं मामा. बिराजदार सर मात्र मागं सरकले. भोंगा त्यांनी खाली ठेवला होता. ते मला म्हणाले, "पाच जणांचं वजन, फुटकी बोट. माझा हिशेब सांगतोय की पेलणार नाही. माझ्यामुळं झालंय हे. मी थांबतो, तुम्ही यांना न्या."

मी त्या माणसाला पुष्कळ हसलो आहे, पण हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, हे इथं लिहून ठेवतो.

लक्ष्मणमामा खांबाला अडकलेल्या आपल्या नावेच्या फळीकडं बघत होते. तिकडंच बघत ते म्हणाले, "सर, बसा. गणित घरी करा."

मी एक पाय खांबावर आणि एक बोटीत ठेवून सरांना हात दिला. नेमकी त्याच वेळी पुलावर काय घडत होतं, ते मला बाबूरावानं नंतर सांगितलं.

जुबेदा दोर धरलेल्या बायकांच्या मागून पुढं आली आणि तिनं बाबूरावाला विचारलं की खाली कोण गेलंय. बाबूराव म्हणाला, "भाभी, घाबरू नका. इस्माईल गेलाय. पट्टीचा पोहणारा हाय."

जुबेदा म्हणाली, "इनकू तैरना कहाँ आता, भाईजान?"

बाबूराव चौदा वर्षांत कधी चुकला नव्हता. आगीच्या अंगावर बंब नेऊन उभा करताना त्याचा हात हलला नव्हता. ते वाक्य ऐकून तो ड्रायव्हरच्या जागेवर चढला आणि शिट्टीबिट्टी काही न बघता त्यानं बंब काठाकडं काढला. मला ओढून काढायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

बोटीला हिसका बसला. माझा एक पाय बोटीबरोबर गेला, दुसरा खांबावर राहिला आणि मी मधे.

पाण्याखाली काही दिसत नाही. सगळं तांबूस-काळं. मला बारवेतली ती शेळी आठवली. खोटं सांगत नाही, मरताना देव आठवतो म्हणतात, मला शेळी आठवली आणि भयंकर राग आला. तेवढ्यात कुणीतरी माझी कॉलर धरली.

मॅडमनी उडी मारली होती. बोटीच्या कडेनं धरायला दोर लावलेला असतो, तो एका हातात ठेवून त्या पाण्यात उतरल्या आणि बोटीच्या मागून वाहून चाललेल्या मला दुसऱ्या हातानं पकडलं. मी, जसं प्रत्येक बुडणारा करतो तसं, त्यांना मिठी मारायला गेलो. त्यांनी मला एक ठेवून दिली. मग म्हणाल्या, "हलू नका. पडून राहा." मी पडून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्यावर तरंगलो, तो असा. मामांनी बांबू पुढं केला आणि आम्हा दोघांना वर घेतलं. या गडबडीत बिराजदार सर बोटीत पडले की त्यांनी उडी मारली, ते त्यांनाही आठवत नाही. पण ते बोटीत होते.

बोटीनं पाचही जणांना पेललं. पंक्चरवाल्याचा एक तुकडा निघाला, त्या भोकावर राव सरांनी काठापर्यंत तळहात दाबून धरला. आपल्याला एवढी ताकद आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आम्ही घाटाला लागलो आणि वळून बघितलं तर खांबाचा माथा दिसत नव्हता. नुसतं पाणी फुगत होतं त्या जागी.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मॅडम माझी कॉलर धरून मला ओढताना. खाली छापलं होतं, 'बुडत्या शिक्षिकेला वाचवताना धाडसी जवान'.

मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी मी मॅडमच्या खोलीवर गेलो आणि सांगितलं की मी पेपरवाल्यांना खरं सांगतो, माझी नोकरी जायची तर जाऊ दे. त्या वह्या तपासत होत्या. म्हणाल्या, "असू द्या ना काका. मी पुरात उडी मारली हे आमच्या आबांना कळलं तर ते मला उद्याच्या गाडीनं गावाकडं नेतील. वाचवलं म्हटलं की दोन दिवस रडतील आणि राहू देतील." गावच्या विहिरीत त्या भावांबरोबर पोहायला शिकल्या होत्या, तेही आबांपासून चोरून. असं आम्ही दोघांनी एकमेकांचं झाकलं. आता आबा नाहीत. मॅडमचा लातूरला स्वतःचा क्लास आहे.

तेव्हा त्यांनी एक मात्र केलं. लक्ष्मणमामांना नवी नाव मिळेपर्यंत आपण फळ्यापुढं उभं राहणार नाही, असं त्यांनी बिराजदार सरांना सांगितलं. सर नाही म्हणणारच नव्हते. नाव आली, सागवानी, जुन्या नावेपेक्षा चांगली. मामा तिच्यात बसायचे, पण त्यांचा हात तिच्यावर तसा फिरायचा नाही. जुनी त्यांनी वडिलांबरोबर बांधली होती. मी रबरी बोट उतरवायचं वर्षानुवर्षं टाळलं नसतं, आम्ही सराव केला असता, तर पोचायला दीड तास लागला नसता, आणि त्या नावेच्या निदान चार फळ्या वाचल्या असत्या. हे मी मामांना एकदा म्हणालो. ते म्हणाले, जाऊ दे, पण तसं काही नाही, असं म्हणाले नाहीत.

सरांनी पुढच्या वर्षी तोच फोटो मोठा करून लातूरच्या चौकात लावला. खाली 'प्रवाहाविरुद्ध घडवणारे आमचे मार्गदर्शक'. त्यात मीही होतो. लातूरच्या माझ्या साडूंनी फोन करून विचारलं, तू जीवशास्त्र कधीपासून शिकवायला लागलास?

बाबूराव आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. बंबात शेजारी बसायचा, मी "ये" म्हणालो तरी स्वतः वाकून बघूनच वळायचा. ते फार लागलं. नवव्या दिवशी तो सकाळी सायकलवर घरी आला. हातात तोच दोर. जुबेदाला म्हणाला, याला घेऊन जातो.

त्यानं मला गावाबाहेर एका मळ्यातल्या विहिरीवर नेलं. लक्ष्मणमामा आधीच येऊन काठावर बिडी ओढत बसले होते. बाबूरावानं दोर माझ्या कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि म्हणाला, "उतर." पुढं रोज ड्यूटीआधी आम्ही जायचो. मामा पाण्यात, मी पाण्यात, आणि बाबूराव विहिरीच्या काठानं दोर धरून गोल गोल चालायचा, म्हैस धुवायला आणल्यासारखा. बोलणं नाही. महिन्याभरात मी हातपाय मारायला लागलो. दोन महिन्यांत विहीर आरपार जायला लागलो. मामा म्हणाले आता दोराचं काम नाही. बाबूरावानं ऐकलं नाही.

एक दिवस मी मधोमध होतो. श्वास नीट होता, पाय नीट चालत होते, आणि दोर पाण्यावर सैल पडलेला मला दिसत होता. बाबूराव काठावर थांबला. त्या "उतर"नंतर दोन महिन्यांनी पहिल्यांदा तो माझ्याशी आपण होऊन बोलला. म्हणाला, "जमतंय तुला. सोडू का?"

मी तोंडातलं पाणी थुंकलं आणि म्हणालो, "धर."